माझी गोळी तुम्हाला चालेलच असं नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



सेक्रेटरींनी मला फोन केला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यावर बोलेन. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकणार? पण ते भाषण मी या हॉलमध्ये तीनदा केलंय आणि तरी अर्ध्या लोकांनी नॉमिनेशन केलेलं नाही. म्हणून म्हटलं, या वेळी ज्या विषयावर आपण सगळे मनातल्या मनात बोलतो आणि तोंडाने कधीच बोलत नाही, तो घेऊ या. विषय आहे लघवीचा. हसा, हसून घ्या. पहिल्या रांगेतले दोघे आत्ताच घड्याळ बघून दरवाजाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आहेत, त्यांना विषय नक्की कळलाय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी आज जे सांगणार आहे ते दोन कारणांनी. एक, मी स्वतः या दुखण्याचा पेशंट आहे. दुसरं, माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती जाहीरपणे सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आधी माझं सांगतो. आयुष्यभर डोंबिवली ते सीएसएमटी लोकल केली. सकाळी आठ बारा. ठाण्याच्या पुढे गेलं की गर्दीत बोट हलवायला जागा नाही, तिथे बाथरूम कुठलं! पण तेव्हा कधी त्रास झाला नाही. त्रास सुरू झाला निवृत्तीनंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. लघवी लागली की लागलीच. दम धरवत नाही. कुलपात किल्ली घालेपर्यंत पँट ओली. दिवसातून बारा-तेरा वेळा, रात्री तीनदा. लग्नाला जायचं तर आधी हॉलमधलं टॉयलेट कुठे आहे ते विचारायचं. नाटकाला जाणं बंद केलं. सौ. म्हणायची, चला ना, कडेची तिकिटं काढू. मी म्हणायचो, हल्ली नाटकं कुठे चांगली येतात! खोटं बोलत होतो. तिला माहीत होतं की खोटं बोलतोय, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे.

दीड वर्षाने डॉक्टरकडे गेलो. त्यांनी याला नाव सांगितलं, ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर. म्हणजे मूत्राशय जरुरीपेक्षा जास्त उतावळं झालेलं. आपल्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. जुन्या लोकांना आठवत असेल, सी विंगच्या टाकीला बझर बसवला होता. टाकी भरली की वाजायचा. त्यात बिघाड झाला आणि टाकी पाव भरली की वाजायला लागला. वॉचमन धावत जाऊन पंप बंद करायचा आणि विंगला पाणी नाही. मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं, पण या दुखण्यात शंभर-दीडशेलाच बझर वाजतो, आणि नुसता वाजत नाही, पिशवीचा स्नायू आपणहून आवळायलाही लागतो.

गोळी लिहून देण्याआधी डॉक्टरांनी माझ्याकडून काय काय करून घेतलं ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. लघवीची तपासणी, जंतुसंसर्ग आहे का म्हणून. रक्तातली साखर. बीपी. क्रिएटिनिन. प्रोस्टेटची तपासणी. सोनोग्राफी, आणि तीही दोनदा: एकदा लघवी भरलेली असताना आणि एकदा करून आल्यावर, आत किती उरते ते बघायला. माझी तीस मिलिलिटर उरत होती, म्हणजे काही नाही. मग विचारलं, डोळ्याचा काही त्रास? काचबिंदू? पोट साफ होतं? आणखी कुठल्या गोळ्या चालू? शिवाय तीन दिवसांची डायरी लिहायला लावली, किती प्यायलं आणि किती गेलं. बँकेतल्या माणसाला हे काम फार आवडलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

एवढं झाल्यावर त्यांनी सोलिफेनॅसिन पाच मिलिग्रॅम सुरू केली. तीन-चार आठवड्यांत फरक पडला. रात्री एकदाच उठू लागलो. सौ.ला घेऊन गडकरी रंगायतनला गेलो, मधल्या सीटवर बसलो, आणि मध्यंतरापर्यंत उठलो नाही. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आणि हाच आनंद नडला.

आपल्या पिंपळाच्या पाराजवळच्या बाकावर आमचा रोजचा कंपू बसतो. त्यातले माझे एक मित्र, त्यांना आज आपण नुसतं भाऊ म्हणू. एके संध्याकाळी हळूच म्हणाले, "रात्री चार-चार वेळा उठतो हो, झोपेचं खोबरं झालंय." मी ताबडतोब म्हटलं, "अहो, मलाही हेच होतं! माझ्याकडे रामबाण गोळी आहे." घरी गेलो आणि पाच गोळ्यांची पट्टी आणून त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टरचे पैसे वाचवले म्हणून स्वतःवरच खूश.

भाऊंना मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की त्यांची लघवी सुरू व्हायलाच दोन-दोन मिनिटं लागत होती, धार बारीक झाली होती, आणि करून आल्यावरही पिशवी मोकळी झाल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणजे त्यांचं दुखणं माझ्यासारखं नव्हतंच. त्यांचं प्रोस्टेट वाढलेलं होतं. पिशवी नीट रिकामी होत नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागत होतं. वरून दोन्ही दुखणी सारखी दिसतात. रात्री चारदा उठणारे दोघे शेजारी बसले, तर बाहेरच्या माणसाला काय कळणार?

पाइप तुंबलेला असताना पिशवीचा स्नायू जोर लावून कसंबसं पाणी बाहेर ढकलत होता. माझ्या गोळीने नेमका त्याचाच जोर कमी केला. त्यात त्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली होती आणि दुकानातून सर्दीची गोळी घेतली होती. त्या गोळ्यांत बहुतेकदा क्लोरफेनिरामिन असतं आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. पहिलं स्नायू ढिला करतं, दुसरं खालचा मार्ग आवळतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी नाकेबंदी.

चौथ्या रात्री दोन वाजता वहिनींचा फोन आला. भाऊ संध्याकाळपासून एक थेंब लघवी करू शकले नव्हते. ओटीपोट दगडासारखं, घामाने भिजलेले, कण्हत होते. रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. कॅथेटर घातल्यावर नऊशे मिलिलिटर निघाली. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "काका, नवीन गोळी कुठली घेतली होती का?" भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरात एक पडली होती जुनी, ती घेतली." डॉक्टर म्हणाले, "कुठली?" भाऊ म्हणाले, "आठवत नाही."

मंडळी, मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. त्या माणसाने त्या अवस्थेत मला वाचवलं. आणि मी गप्प राहिलो.

घरी येऊन झोप लागेना. सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो आणि मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, गोळी मी दिली, सोलिफेनॅसिन, चार दिवस. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. ही गोळी शरीरातून लवकर जात नाही. निम्मी कमी व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात. मी आज कॅथेटर काढणार होतो. काढला असता तर यांची पुन्हा तीच गत झाली असती." मग वहिनींनाही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "चहा घेणार का?" त्या चहाची चव मी विसरलेलो नाही.

बँकेत एखाद्याने एकाच्या कागदपत्रांवर दुसऱ्याला कर्ज मंजूर केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता. मी नेमकं तेच केलं होतं. सोनोग्राफी माझी, तपासण्या माझ्या, आणि गोळी भाऊंना.

त्यानंतर मी या गोळ्यांबद्दल वाचायला आणि आमच्या डॉक्टरांना विचारायला लागलो. काय कळलं ते सोपं करून सांगतो.

या दुखण्यावर मुख्यतः दोन घराण्यांच्या गोळ्या आहेत. पहिलं घराणं जुनं: ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन, डॅरिफेनॅसिन, ट्रॉस्पियम. आपल्या शरीरात नसांकडून स्नायूंना निरोप पोचवणारं एक रसायन असतं, अ‍ॅसिटिलकोलीन. या गोळ्या तो निरोप अडवतात. मूत्राशयाला "आवळ" हा निरोप मिळत नाही, पिशवी शांत राहते. पण तोच निरोप्या डोळ्यात काम करतो, लाळेत, आतड्यात, घामाच्या ग्रंथीत आणि मेंदूतही. पोटात गेलेल्या गोळीला आपण सांगू शकत नाही की बाई, फक्त मूत्राशयाकडे जा.

हे आपल्याला नवीन नाही. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतऱ्याचं पान असतं. गावाकडच्यांना माहीत आहे, धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि तो बरळायला लागतो. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन त्याच अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतं. आपल्या गोळ्या धोतऱ्यासारख्या विषारी नाहीत, योग्य माणसाला योग्य मात्रेत त्या चांगल्याच आहेत, मी आजही घेतो. पण रस्ता तोच आहे. म्हणून ज्याची त्या रस्त्यावरची एखादी जागा आधीच कमकुवत आहे, त्याला त्या धोक्याच्या.

आता त्या जागा एकेक सांगतो.

पहिली जागा, मूत्राशयाचा मार्ग. ज्यांची लघवी तुंबते किंवा पूर्ण रिकामी होत नाही, त्यांना ही गोळी द्यायची नसते. पुरुषांत प्रोस्टेट हे नेहमीचं कारण. पण बायकांनाही सांगतो, वर्षानुवर्षांचा मधुमेह असेल तर मूत्राशयाच्या नसा बधिर होतात आणि पिशवी रिकामी होत नाही. म्हणून ती करून आल्यानंतरची सोनोग्राफी महत्त्वाची. प्रोस्टेट थोडं वाढलेलं असलं तरी डॉक्टर कधी कधी ही गोळी देतात, पण मोजून, दुसऱ्या गोळीच्या जोडीने आणि लक्ष ठेवून. बाकावरून नाही.

दुसरी जागा, डोळा. काचबिंदूचे दोन मुख्य प्रकार. एकात डोळ्यातला पाणी वाहून जाण्याचा कोन उघडा असतो, दुसऱ्यात तो अरुंद असतो. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल आणि त्यावर उपचार झालेला नसेल, तर या गोळीने बाहुली मोठी होऊन कोन बंद होऊ शकतो. डोळा लाल, भयंकर ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी. असं झालं तर ती तासाभरात धावायची वेळ, उद्या बघू म्हणायची नाही. उघड्या कोनाच्या काचबिंदूत बहुतेकदा गोळी चालते, पण आपला प्रकार कोणता ते डोळ्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. "मला काचबिंदू आहे" एवढं पुरत नाही.

तिसरी जागा, पोट. ज्यांचं जठर नीट रिकामं होत नाही, आतड्यात अडथळा आहे, मोठ्या आतड्याला तीव्र सूज आहे, त्यांना नको. आणि साधं बद्धकोष्ठ ज्यांना आहे त्यांचं या गोळीने वाढतं. गंमत अशी की भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि लघवीची घाई पुन्हा वाढते. म्हणजे गोळीने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

चौथी, मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा स्नायूंचा आजार. पापणी पडणं, गिळायला त्रास, संध्याकाळी गळून जाणं. या लोकांनी हे घराणं टाळायचं.

पाचवी, मूत्रपिंड आणि यकृत. गोळी शरीरातून बाहेर काढणारे हेच दोघे. ते थकलेले असतील तर गोळी साचते. सोलिफेनॅसिन डायलिसिसवरच्या माणसाला देत नाहीत, यकृत फार बिघडलेलं असेल तरही नाही. आणि एक गोष्ट खास आपल्याकडची. गजकर्णावर हल्ली सर्रास इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात. त्या चालू असताना सोलिफेनॅसिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि मात्रा पाच मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना लघवीची गोळी सांगायची असते, हे आपल्या डोक्यात कसं येणार? पण सांगायची असते. ज्यांच्या ईसीजीत क्यूटी लांबलेलं आहे असं सांगितलंय, त्यांनीही गोळी घेण्याआधी तो कागद दाखवावा.

सहावी जागा मेंदू, आणि ही मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. माझी थोरली बहीण सांगलीला असते, एक्याऐंशी वर्षांची. लघवीच्या घाईसाठी तिला एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली. अंगाला खाज सुटते म्हणून दुसऱ्यांनी रात्री हायड्रॉक्सिझिन. पायांच्या आगीसाठी तिसऱ्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर. पण तिन्ही गोळ्या त्या एकाच निरोप्याला अडवतात. महिन्याभरात ताई तिन्हीसांजेला कोपऱ्यात कोणी बसलंय म्हणायला लागली. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं. सुनेला, आमची जी बहीण लहानपणी गेली तिच्या नावाने हाक मारली. घरात सगळे म्हणाले, वय झालं, स्मृतिभ्रंश सुरू झाला. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, आता असंच चालायचं."

तिच्या नशिबाने एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. आणल्या. त्यांनी दोन बंद केल्या, एक हळूहळू कमी केली. तीन आठवड्यांनी ताईने फोनवर मला शब्दकोड्यातला आडवा शब्द विचारला. मी फोन ठेवून रडलो.

म्हातारपणातला प्रत्येक विसरभोळेपणा गोळीमुळे असतो असं मी म्हणत नाही. पण गोळीमुळे असू शकतो, आणि तो परत फिरणारा असतो, हे तपासून बघायलाच हवं. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली म्हाताऱ्यांना शक्यतो टाळाव्यात अशा औषधांची यादी सुरू केली. आज ती तिथली वृद्धवैद्यकांची संस्था वेळोवेळी सुधारून काढते. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा भ्रम होतो त्यांना या घराण्याची औषधं टाळा, असं त्यात आहे. २०१५ साली सिअ‍ॅटल भागातल्या ६५ वर्षांवरच्या ३,४३४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी सात वर्षं पाठपुरावा होता. अशी औषधं जितकी जास्त आणि जितकी वर्षं घेतली, तितकं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं. याने औषधामुळेच झालं असं सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला पुरेसं आहे.

आणखी एक चक्र बघा. स्मृतिभ्रंशावर डोनेपेझिल देतात, ती अ‍ॅसिटिलकोलीन वाढवते. त्यामुळे कधी कधी लघवीची घाई होते. मग घाईसाठी दुसरी गोळी, जी तेच कमी करते. एका पायाने अ‍ॅक्सिलरेटर, दुसऱ्याने ब्रेक. घरात असा पेशंट असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

सातवी जागा, घाम. या गोळ्यांनी घाम कमी येतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला लेकीकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अंग तापलं तरी थंड होणार नाही.

आता दुसरं घराणं. मिराबेग्रॉन. ही गोळी जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली आली. ही निरोप्याला अडवत नाही, वेगळ्या मार्गाने पिशवी सैल करते. त्यामुळे तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, भ्रम हे त्रास हिच्यात कमी, आणि म्हाताऱ्यांना डॉक्टर बऱ्याचदा हीच देतात. पण हिचाही एक दरवाजा आहे, तो बीपीचा. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल आणि ताब्यात नसेल, तर ही गोळी द्यायची नाही. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१५ साली हे मुद्दाम बजावलं होतं. बीपी असलेल्याने ती सुरू करण्याआधी आणि नंतरही बीपी मोजत राहायचं. मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर मात्रा निम्मी, २५ मिलिग्रॅम. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांचं रक्तातलं मेटोप्रोलॉल हिच्यामुळे वाढतं, डिगॉक्सिनचंही. आणि प्रोस्टेटवाल्यांनो, लघवी तुंबण्याची शक्यता इथेही आहे, विशेषतः दोन्ही घराण्यांच्या गोळ्या एकत्र असतील तर. बाजारात दोन्ही औषधं एकाच गोळीत घातलेलीही मिळतात. पट्टीवरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक नाव वाचा. भिंग घ्या, त्यात लाज कसली?

आता काहींना वाटेल, हे सगळं ऐकून गोळी नकोच. तर तेही बघू या. कित्येकांना गोळी लागतच नाही. साखर वाढली असेल तर लघवी जास्त होणारच. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात, त्याने फेऱ्या वाढतात. सूज उतरवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्र जागरणाची. तिची वेळ बदलता येते, डॉक्टरांना विचारून. रात्रीच्या जेवणानंतरचा चहा माझा स्वतःचा शत्रू होता. आणि मूत्राशयाला शिस्तही लावता येते. घाई झाली की पळायचं नाही, जागेवर उभं राहून खालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं. दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. बहुतेक डॉक्टर गोळीच्या आधी हेच सांगतात. भगिनींनी पाणी पिणंच बंद करू नये, त्याने लघवी घट्ट होऊन घाई उलट वाढते.

म्हणून माझी विनंती एवढीच. एका कागदावर आपल्या सगळ्या गोळ्या लिहा. सर्दीची, खाजेची, झोपेची, पोटात मुरडा येतो तेव्हा घ्यायची, सगळ्या. कागदाच्या मागे लिहा: प्रोस्टेट, काचबिंदूचा प्रकार, बीपी, क्रिएटिनिन, बद्धकोष्ठ. तो पाकिटात ठेवा आणि लघवीसाठी नवीन गोळी लिहायच्या आत डॉक्टरांपुढे ठेवा. चालू असलेली गोळी माझं भाषण ऐकून फेकून देऊ नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पण लघवी अजिबात होत नाही आणि पोट फुगलंय, डोळा लाल होऊन ठणकतोय, चेहरा किंवा जीभ सुजतेय, माणूस अचानक बरळतोय, यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजता सुद्धा निघा. आणि हो, गोळी कोणी दिली ते खरं सांगा. देणारा शेजारी उभा असला तरी.

भाऊंचं पुढे दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहेत. हे सगळं सांगू का म्हणून मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "सांगा, पण माझं नाव घालू नका. आणि तुमचं मात्र नक्की घाला." आज ते इथेच कुठेतरी बसले आहेत. कुठे ते सांगणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा लिफ्ट चालू नव्हती, पाणी टँकरचं होतं. एकमेकांच्या घरी साखर मागायला जायचो, रात्री-अपरात्री एकमेकांना उठवायचो. या सोसायटीत वाटून घ्यायची सवय जुनी आहे आणि चांगली आहे. साखर वाटा, वर्तमानपत्र वाटा, नातवंडं सांभाळायला एकमेकांकडे ठेवा. डॉक्टरकडे जायचं असेल तर सोबत म्हणून मला हाक मारा, मी रिकामाच आहे.

फक्त गोळी वाटू नका.

आता मध्यंतर. डावीकडचं टॉयलेट दुरुस्तीला काढलंय, उजवीकडचं उघडं आहे.